एकदा खोकून दाखवा!

दिवाळीच्या चार दिवसांत डॉक्टराकडे जी मंडळी येतात त्यांची तक्रार बहुधा एकच असते : पोट! कोणाला चकली बाधलेली असते, कोणाची करंजी घशाशी आलेली असते, तर कोणी गृहस्थ 'फक्त चारच लाडू' खाऊन आलेले असतात. चिंचवड स्टेशनाजवळच्या माझ्या दवाखान्यात पस्तीस वर्षे मी ही गाऱ्हाणी ऐकली. पोटाला नावे ठेवण्याचा मला मात्र अधिकार नाही. एक तर आमच्या चिंचवडचे दैवतच मुळी लंबोदर. मोरया गोसावींच्या गावात राहून मोठ्या पोटाची थट्टा कोण करणार? आणि दुसरे म्हणजे माझ्या कमरेच्या पट्ट्याला मी स्वतः खिळ्याने दोन जादा भोके पाडून घेतलेली आहेत.

असो. सांगायचे ते एवढेच की पोटात काय गेले याची चौकशी सगळे करतात. पण ते पोट ज्या भिंतीने धरून ठेवले आहे त्या भिंतीची वास्तपुस्त कोणी करीत नाही. मागच्या बाजूला कण्याचा खांब आहे, वर फासळ्यांचा पिंजरा आहे, खाली कटीच्या हाडांचे घमेले आहे. पण पुढे आणि दोन्ही बाजूंना, बरगड्यांपासून जांघेपर्यंत, हाड म्हणून नाही. एवढी मोठी मोकळी जागा निसर्गाने केवळ मांसाच्या आणि चिवट पडद्यांच्या भरवशावर सोडून दिली आहे. ही भिंत काय काम करते ते मला पुस्तकातून पुष्कळ आधी कळले होते. पण ते खरे समजले एका लक्ष्मीपूजनाच्या रात्री. ती हकीकत सांगण्यासाठीच आज लेखणी हाती घेतली आहे.

तात्यांचा खोकला

मी दवाखाना थाटला तो १९८३ साली. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची कंपनी स्थापन झाली, तिच्यापाठोपाठ मोटारींचे, स्कूटरींचे, इंजिनांचे कारखाने येत गेले, आणि १९८२ साली या सगळ्या गावांची मिळून महानगरपालिका झाली. माझे रोगी म्हणजे या कारखान्यांतले कामगार आणि त्यांची कुटुंबे. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की माझा दवाखाना ओस पडायचा आणि पाळी सुटली की बाकावर जागा मिळायची नाही.

या मंडळींत एक तात्या होते. त्यांचे खरे नाव सांगत नाही. सगळे त्यांना तात्याच म्हणत. सातारा जिल्ह्यातून आलेले, चव्वेचाळीस वर्षांचे, भोसरीकडच्या एका फाउंड्रीत मोल्डर. रेती भरलेल्या साच्यांच्या पेट्या उचलायच्या, ओतीव माल काढायचा, असे काम. दंडाच्या बेटकुळ्या पाहून मी एकदा म्हणालो, "तात्या, तालमीत होता वाटतं?" त्यावर ते लाजून हसले होते.

१९९१ सालच्या पावसाळ्यात हे तात्या माझ्याकडे तीनदा खोकल्यासाठी आले. फाउंड्रीतली धूळ, वर विडीची सवय, खोकला येणारच. मी तीनही वेळा छातीला नळी लावली, पाठीला लावली, औषध दिले, विडी सोडा म्हणून बजावले. बाकावर आणखी दहाजण बसलेले होते. तीनही वेळा तात्या खोकताना उजव्या हाताचा पंजा जांघेवर दाबून धरीत, हे मी पाहिले. पाहिले, आणि मनावर घेतले नाही.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेआठच्या सुमाराला त्यांच्या घरून बोलावणे आले. तात्यांची पत्नी स्वतः दारात उभी. "डॉक्टर, जरा ह्यांना बघायला येता का? दुपारपासनं ओकतायत. फराळ बाधला म्हणत्यात."

फराळ बाधलेला नव्हता. तात्या भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. पोट फुगले होते. मी धोतर सैल करायला सांगितले तेव्हा आत करकचून आवळलेला लंगोट निघाला, आणि लंगोटाखाली उजव्या जांघेत लिंबापेक्षा मोठी, टणक, लालसर गाठ! बोट लावताच तात्या कळवळले. अंतर्गळ, म्हणजे ज्याला आपण आता सर्रास हर्निया म्हणतो, तो बाहेर येऊन अडकला होता.

"किती दिवस आहे हे?"

"चार वर्सं झाली."

"चार वर्षं! अहो, मग मला बोलला का नाहीत?"

तात्या दम घेत म्हणाले, "तुम्ही खोकल्याचं औषध देत होता न्हवं? खोकला गेला की हे बी जाईल म्हटलं."

वाचकहो, डॉक्टराला शिव्या दिल्या तर तो विसरतो. पण असले वाक्य तो विसरत नाही. जी तपासणी एका मिनिटाची, ती मी तीनदा टाळली होती. रोग्याला उभे करायचे, जांघेवर हात ठेवायचा आणि म्हणायचे, "एकदा खोकून दाखवा." बस्स, एवढेच!

प्लायवूडची भिंत

तात्यांना तिथेच ठेवून जरा मागे जाऊ या. कारण त्या गाठीत काय अडकले होते ते कळायला ही भिंत कशी बांधली आहे ते पाहिले पाहिजे.

बी. जे. मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाला आम्ही शवविच्छेदन करीत असू. पोटावरचे कातडे आणि त्याखालची चरबी बाजूला केली की पहिला स्नायू दिसतो तो बाहेरचा तिरका. खालच्या आठ बरगड्यांपासून निघून त्याचे धागे खाली आणि पुढे उतरतात. आमचे शिक्षक सांगत, "पँटच्या खिशात हात घाला. तुमची बोटं ज्या दिशेला जातात तीच याच्या धाग्यांची दिशा." त्याच्याखाली दुसरा, आतला तिरका, त्याचे बहुतेक धागे बरोबर उलट, कटीच्या हाडापासून वर आणि पुढे चढणारे. त्याच्याही खाली तिसरा, आडवा स्नायू. हा पाठीकडून निघून पट्ट्यासारखा पोटाभोवती येतो. तिन्ही मिळून जाडी किती? सडपातळ माणसात बोटाच्या एका पेराहूनही कमी.

इतकी पातळ भिंत एवढा भार सहन कशी करते? याचे उत्तर चाकण-भोसरीच्या पॅकिंगच्या खोक्यांत आहे. यंत्रे भरायची खोकी प्लायवूडची करतात. साधी फळी रेषेत तडकते. पण पातळ पापुद्रे एकमेकांवर उलटसुलट रेषांनी चिकटवले की तेच लाकूड चिवट होते, कारण एका थराची दुबळी दिशा दुसऱ्याची बळकट दिशा असते. पोटाची भिंत हे असे जिवंत प्लायवूड आहे.

पुढच्या बाजूला हे तिन्ही स्नायू मांस सोडून पांढऱ्या, चिवट पडद्यांचे रूप घेतात. या पडद्यांच्या म्यानात, बेंबीच्या दोन्ही बाजूंना, छातीपासून खाली जघनाच्या हाडापर्यंत एकेक उभा स्नायू आहे. त्यावर आडवे कंडरांचे बंध असतात. त्यांमुळे त्याचे चौकोनी तुकडे दिसतात. हल्लीची तरुण मंडळी ज्याच्यासाठी जीव टाकतात ते 'सिक्स पॅक' ते हेच. ते सगळ्यांनाच असतात बरे का! तुम्हाला आहेत, मलाही आहेत. फक्त माझे नीट बासनात गुंडाळून ठेवलेले आहेत. दोन्ही उभ्या पट्ट्यांच्या मधोमध सगळे पडदे एकमेकांत विणले जाऊन एक पांढरी रेघ तयार होते. ती म्हणजे या अंगरख्याची पुढची शिवण.

कंबर कसणे म्हणजे काय?

आता ही भिंत करते काय? वाकणे, वळणे, बिछान्यातून उठणे ही तिची कामे आपल्याला ठाऊक असतात. पण तिचे मुख्य काम दिसत नाही. ते म्हणजे आतला दाब धरणे. वर घुमटासारखे श्वासपटल, खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि सभोवार ही भिंत, असा हा बंद डबा आहे. डबा आवळला की आतला दाब वाढतो, आणि त्या दाबावर आपली किती कामे चालतात पाहा : खोकणे, शिंकणे, ओकणे, मलविसर्जन, बाळंतिणीचे कळा देणे, कीर्तनकाराचा वरचा सूर, आणि खदखदून हसणेसुद्धा. पोट धरून हसलो असे आपण म्हणतो. खरे म्हणजे हसवते पोटच.

आणि एक काम ओझ्याचे. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा नसली तर ती चिंधीसारखी लोळते. हवा भरली की भार घेते. पोटातला दाब कण्याला असाच आधार देतो, असा विचार बार्टेलिंक या संशोधकाने १९५७ साली मांडला. दाबाने कण्यावरचा भार नेमका किती हलका होतो यावर पुढे बराच वाद झाला. पण सभोवारचे स्नायू आवळले गेले की कणा स्थिर राहतो, याबद्दल फारसा वाद नाही. १९९६ साली ऑस्ट्रेलियात हॉजेस आणि रिचर्डसन या दोघांनी एक गमतीचा प्रयोग केला. उभ्या माणसाला त्यांनी नुसता हात उचलायला सांगितला आणि सुयांच्या तारांनी कोणता स्नायू केव्हा जागा होतो ते टिपले. निरोगी माणसात हाताचा स्नायू हलण्याच्या आधीच पोटाचा तो सर्वांत आतला आडवा स्नायू आवळला जात होता! आणि ज्यांची कंबर वरचेवर दुखत असे त्यांच्यात त्याला जाग यायला उशीर होत होता.

मला हे वाचताना आपल्या भाषेचे कौतुक वाटले. आपण कामाला लागण्यापूर्वी 'कंबर कसतो'. हमाल पोत्याला हात घालण्याआधी पंचा आवळतो, मल्ल लंगोट कसतो, शेतात जाणारी बाई पदर खोचते. शरीर तेच आतून करते. न सांगता, कामाच्या क्षणभर आधी.

या भिंतीचा पद्धतशीर अभ्यास आमच्या शेजारीच सुरू झाला होता, हे फार थोड्यांना माहीत असते. पुण्याहून सुटणारी लोकल पिंपरी, चिंचवड, आकुर्डी करीत शेवटी लोणावळ्याला थांबते. तिथे १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. उड्डियान आणि नौली या क्रिया म्हणजे पोटाच्या भिंतीची कसरत. श्वास सोडून पोट खोल आत ओढणे हे उड्डियान, आणि त्यातच मधले उभे स्नायू खांबासारखे पुढे काढणे ही नौली. या क्रियांत शरीरात नेमके काय होते ते त्यांनी आधी बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरणांखाली पाहिले, आणि मग लोणावळ्याला दाब मोजून पाहिला. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो असे त्यांना आढळले. त्या पोकळीला त्यांनी आपले गुरू माधवदासजी यांचे नाव दिले आणि 'योगमीमांसा' या त्रैमासिकात सगळे छापून टाकले. योग्याच्या पोटाला दाबमापक लावणारा हा माणूस आमच्याच लोहमार्गावरचा, याचा मला अभिमान वाटतो.

भिंतीतले दार

इतकी हुशारीने बांधलेली भिंत. पण तिला एक दार ठेवावे लागले आहे. पुरुषाच्या वृषणांची जागा गर्भावस्थेत पोटात, मूत्रपिंडाच्या खाली असते. जन्माआधी ती दोन्ही खाली उतरतात आणि जाताना आपल्या रक्तवाहिन्यांची दोरी मागे ओढत नेतात. ही दोरी भिंतीचे थर भेदून तिरकी बाहेर पडते. तो जांघेतला बोगदा मोठ्या माणसात सुमारे चार सेंटिमीटर लांब असतो. बोगदा तिरका ठेवण्यात निसर्गाचे शहाणपण आहे : आतला दाब वाढला की बोगद्याच्या भिंती एकमेकींवर दाबल्या जातात आणि वरच्या स्नायूंची कमान पडद्यासारखी खाली उतरते. म्हणजे खोकताना दार आपोआप लागते.

पण कोणाचे दार जन्मापासून पुरते मिटलेले नसते. कोणाच्या घराण्यातच हे पडदे कच्चे असतात. कोणाचा खोकला जुनाट, कोणाला बद्धकोष्ठ, कोणाला म्हातारपणी लघवीला जोर करावा लागतो. त्यात जड ओझ्याची भर पडते. मग एके दिवशी पोटातल्या आच्छादनाची पिशवी त्या दारातून बाहेर डोकावते आणि तिच्यामागून आतड्याचा वेढा येतो. पुरुषाला जन्मभरात असा अंतर्गळ होण्याचा संभव शेकडा २७, स्त्रीला शेकडा ३ च्या आसपास, असा एक इंग्लंडमधला अंदाज आहे. म्हणजे ज्याची तात्यांना लाज वाटत होती ते दुखणे चार पुरुषांत एकाला गाठणारे!

दुरुस्तीचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. इटलीतल्या पादुआचा शल्यवैद्य एदोआर्दो बास्सिनी हा तरुणपणी गॅरिबॉल्डीच्या पक्षाच्या स्वयंसेवकांत लढायला गेला आणि १८६७ साली त्याला जांघेतच संगिनीचा वार बसला. पुढे त्यानेच १८८४ पासून बोगद्याची मागची भिंत थर पाहून पुन्हा शिवण्याची शस्त्रक्रिया केली. तिच्यामुळे हे दुखणे खऱ्या अर्थाने बरे होऊ लागले. ताणून शिवलेले टाके काही रोग्यांत सुटत. म्हणून १९८०-९० च्या दशकांत अमेरिकेतल्या लिक्टेनस्टाइन यांनी ताण न देता प्लास्टिकच्या धाग्यांची जाळी बसवण्याची पद्धत रूढ केली. आज जगात बहुतेक ठिकाणी जाळीच वापरतात, कित्येकदा दुर्बिणीतून.

आणि इथे पुन्हा आमच्या बाजूचे नाव येते. पुण्याचे शल्यचिकित्सक डॉ. मोहन देसर्डा यांनी वेगळा विचार केला. बाहेरचे काही आणण्याऐवजी त्यांनी त्या बाहेरच्या तिरक्या स्नायूच्या पांढऱ्या पडद्याचीच सुमारे दोन सेंटिमीटर रुंद पट्टी घेतली. तिची दोन्ही टोके न तोडता ती खाली शिवून मागची भिंत केली. टोके स्नायूला जोडलेली असल्यामुळे माणूस खोकला की स्नायू ओढतो आणि ही भिंतही ताठ होते. २००१ साली त्यांनी चारशे रोग्यांचा अनुभव युरोपातल्या शल्यशास्त्राच्या नियतकालिकात छापला. पोलंडमध्ये २०८ रोग्यांवर जाळीची पद्धत आणि ही पद्धत ताडून पाहिली, तेव्हा तीन वर्षांत दोन्हीकडे दोन-दोनच रोग्यांचा अंतर्गळ उलटला. हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. जाळीची जागा या पद्धतीने घेतली असे नव्हे. पण जिथे जाळी परवडत नाही किंवा नको असते, तिथे तिचे मोल मोठे आहे.

ती रात्र

तात्यांच्या वेळी यातले काहीच हाताशी नव्हते. हाताशी होती एक रिक्षा. रस्त्यात फटाक्यांच्या माळा लागलेल्या, रिक्षावाला शिव्या देत वाट काढतो आहे, आणि दर खड्ड्याला तात्या दात आवळताहेत. पिंपरीतल्या एका रुग्णालयात माझे एक सर्जन स्नेही होते. ते पूजेच्या पाटावरून उठून आले. मी मदतीला उभा राहिलो.

गाठ उघडली. दाराची कडा तारेसारखी आवळलेली होती आणि आतला आतड्याचा वेढा वांग्याच्या रंगाचा झाला होता. स्नेह्यांनी कडा कापून सैल केली, वेढा कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या फडक्यात गुंडाळला आणि म्हणाले, "आता थांबायचं." आतडे मेले असेल तर तेवढा भाग कापून काढायचा, जिवंत असेल तर रंग परत येईल. आम्ही दोघे आणि भूल देणारे डॉक्टर घड्याळाकडे पाहत उभे होतो. बाहेर लवंगी फटाके वाजत होते. माझ्या डोळ्यांपुढे तो जांघेवर दाबलेला पंजा येत होता. एकदा, दोनदा, तीनदा.

दहा मिनिटांनी फडके उघडले. काळपट रंगात तांबूस झाक आली होती. मग वेढ्यावरून एक बारीकशी लाट सरकत गेली. "जगलं!" स्नेही म्हणाले. मला तिथेच स्टुलावर बसावे लागले.

तात्यांनी का लपवले ते दुसऱ्या दिवशी कळले. धाकट्या मुलीचे लग्न ठरत होते. कारखान्यात कळले तर जड कामावरून काढतील, जादा पाळी जाईल. आणि जांघेतले दुखणे सांगायचे कसे, ही लाज. बायकोलाही सांगितले नव्हते. १९४८ च्या कारखाने कायद्यात, कामगाराला इजा होईल असे ओझे उचलायला लावू नये, असे कलम होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही १९६७ साली प्रौढ पुरुषाने हाताने नेहमी उचलण्याच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचवली होती. पण कलम कागदावर असते आणि माणसाची भीती पोटात. तात्या तीन महिन्यांनी कामावर गेले ते पॅटर्नच्या कोठारात. जादा पाळीचे पैसे गेले ते गेलेच. लग्न मात्र झाले.

नातवाचे सिक्स पॅक

आता तात्यांचा नातू चोवीस वर्षांचा आहे. चाकणकडे कांद्याच्या बाजारापलीकडे पूर्वी माळरान होते. २००९ साली तिथे फोक्सवॅगन आणि मर्सिडीजच्या मोटारींचे कारखाने उघडले आणि त्यांना माल पुरवणारे लहानमोठे कारखाने महाळुंगे-खराबवाडीपर्यंत पसरले. अशाच एकात तो सुट्या भागांचे क्रेट उचलतो आणि संध्याकाळी जिममध्ये जातो. मध्यंतरी तो घरी आला. सदरा वर करून त्याने मला पोटाचे सहाही चौकोन मोजून दाखवले, आणि मग हळूच म्हणाला, "आजोबा, पण कंबर दुखते हो!"

मी त्याला जमिनीवरची खुर्ची उचलायला सांगितली. गड्याने गुडघे ताठ ठेवले, लांबून वाकला, श्वास कोंडला आणि उचलता उचलता कमरेतून वळला. दर्शनी भिंतीला रंग होता. आतला पट्टा झोपलेला! त्याला सांगितले तेच वाचकांनाही सांगतो.

ओझे अंगाजवळ घ्या. गुडघे आणि खुब्यांतून वाका. उचलण्याच्या आधी पोट हलकेच आवळा. कोणी पोटात गंमतीने गुद्दा मारणार आहे असे समजा, म्हणजे बरोबर जमते. उचलताना श्वास सोडा. वळायचे तर पावले वळवा, कंबर नव्हे. बाजारातल्या कातडी पट्ट्यावर विसंबू नका. अमेरिकेत माल हाताळणाऱ्या नऊ हजारांहून अधिक कामगारांची पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली, तीत पट्ट्याने कंबरदुखी टळल्याचे दिसले नाही. चालणे, सूर्यनमस्कार, कोपरांवर अंग तोलून फळीसारखे ताठ राहणे, हे व्यायाम सगळ्या थरांना कामाला लावतात. मात्र ज्यांना अंतर्गळ आहे त्यांनी नौली-उड्डियानाच्या वाटेला जाऊ नये.

भगिनींसाठी दोन शब्द. बाळंतपणात ती मधली पांढरी रेघ ताणून रुंद होते. पुष्कळ जणींची ती काही महिन्यांत आपोआप सावरते. पण उठून बसताना बेंबीच्या वरखाली मधोमध उंचवटा येत असेल, तर ते 'सुटलेले पोट' म्हणून सोडून देऊ नका, आणि घाईने उठाबशाही काढू नका. डॉक्टरांना दाखवा, ते योग्य व्यायाम सांगतील. जांघेत गाठ असेल तर स्त्रियांनी विशेष लवकर जावे, कारण त्यांच्यातली गाठ अडकण्याचा धोका जास्त.

प्रत्येक अंतर्गळ लगेच कापावा लागतो असे नाही. त्रास नसलेल्या पुरुषाला डॉक्टरांच्या नजरेखाली थांबताही येते. पण गाठ आत जाईनाशी झाली, दुखू लागली, वर उलट्या सुरू झाल्या, तर दिवाळी असो की लग्न, त्या क्षणी रुग्णालय गाठावे. तासांचा हिशेब असतो, वर्षांचा नव्हे.

तात्या आता अठ्ठ्याहत्तरीचे आहेत. विडी सुटली, खोकला गेला. दर पाडव्याला ते शंकरपाळ्यांचा डबा घेऊन येतात. मी दवाखाना बंद केला तरी आमचा एक रिवाज चालू आहे. डबा टेबलावर ठेवण्याआधी मी गंभीर चेहरा करून म्हणतो, "तात्या, एकदा खोकून दाखवा!"

तात्या उभे राहतात, उजवा हात मुद्दाम पाठीमागे नेतात आणि जोरात खोकतात. मग आम्ही दोघे हसतो. आणि माझे पोट त्यांच्यापेक्षा जास्त हलते.